नांदवतही नाही, सोडतही नाही

‘तुला नांदवणारही नाही आणि सोडणारही नाही.’ मोडलेल्या संसारांत हे वाक्य पिढ्यान् पिढ्या ऐकू येत आलं आहे. पूर्वी ते गावच्या ओसरीवर चारचौघांसमोर सुनावलं जायचं. आता ते भोसरीतल्या भाड्याच्या घरात, चाकणजवळच्या नाणेकरवाडी-खराबवाडीच्या खोल्यांत, रात्रपाळीला निघण्याआधीच्या फोनवर सुनावलं जातं. पुष्कळदा बोलणारा नवरा असतो. कधी बायकोही म्हणते, ‘घटस्फोट देतच नाही, बघते दुसरं लग्न कसं करतोस ते.’ दोन्हींकडे संसार सावरायची इच्छा नसते. समोरच्याची वर्षं अडवून ठेवायची तयारी मात्र असते.

घटस्फोटाला विरोध करणं हा कोणाचाही हक्क आहे. ‘मला संसार करायचा आहे’ असं मनापासून म्हणणाऱ्या माणसाचं ऐकून घेणं न्यायालयाचं कामच आहे. पण विरोध करायचा तर हजर राहावं लागतं, कैफियत द्यावी लागते, उलटतपासणीला उभं राहावं लागतं. यातलं काहीच न करता तारखेमागून तारीख घालवणं याला विरोध म्हणत नाहीत. ती छळाचीच एक तऱ्हा आहे, आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात तिला फार सोयीची जमीन मिळाली आहे.

मुदती कागदावर आहेत

कायद्यातच मुदत नाही, असा बहुतेकांचा समज असतो. तो खरा नाही. हिंदू विवाह कायदा 1955चा. 1976च्या दुरुस्तीने त्यात कलम 21-ब आलं. अर्जाची सुनावणी शक्य तिथवर रोजच्या रोज सलग चालवावी आणि समोरच्याला नोटीस बजावल्यापासून 6 महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असं ते सांगतं. अपिलासाठी हीच मुदत 3 महिन्यांची आहे. अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागणारा कलम 24 खालचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढायचा असतो. ही तरतूद 2001 साली आली. समेटासाठी न्यायालय तहकुबी देऊ शकतं, पण तीही 15 दिवसांपेक्षा जास्त नको, असं कलम 23 सांगतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेत कैफियत दाखल करायला 30 दिवस दिले आहेत आणि कारण नोंदवून फार तर 90. सुनावणीत एका पक्षकाराला 3 पेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत, हा नियम 2002पासून लागू आहे. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पहिली तारीख साधारण 3 दिवसांत लावायची आणि अर्ज 60 दिवसांत संपवायचा प्रयत्न करायचा, असं लिहिलं आहे.

मग अडतं कुठे? या मुदती उलटल्या तर दावा आपोआप कोणाच्या बाजूने लागत नाही. कैफियतीच्या 90 दिवसांची मर्यादाही न्यायालय पुरेसं कारण असेल तर शिथिल करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2005मध्ये सांगितलं आहे. खऱ्या अडचणीत सापडलेल्या पक्षकारासाठी ही सवलत हवीच. एखाद्याची आई दवाखान्यात असते, कोणाचा वकील वारतो. पण जिथे अडचणीतल्या माणसासाठी दार किलकिलं ठेवलेलं असतं, तिथूनच वेळकाढूही आत शिरतो. मुदत पाळली जाण्यासाठी कोणीतरी ती मागावी लागते, लेखी मागावी लागते आणि नाकारली गेली तर ते नोंदवून घ्यावं लागतं.

पट्ट्याचा नकाशा

पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स 1954मध्ये उभी राहिली. 1962मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावं कारखान्यांची झाली. पुढे ही लाट पुणे-नाशिक रस्त्याने चाकणला पोचली. बजाज, महिंद्रा, मर्सिडीज-बेंझ आले, 2009मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आणि त्यांच्यामागे सुटे भाग बनवणारी शेकडो वर्कशॉप्स आली. 2011च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 17 लाख 27 हजारांवर होती. यातले कितीतरी लोक लातूर, बीड, नांदेड, परभणी, जळगाव, बुलढाणा अशा जिल्ह्यांतून आलेले. लग्न गावाकडे लागतं, संसार इथे मांडला जातो, आणि मोडला की बायको माहेरी परत जाते.

इथूनच दाव्याचा भूगोल सुरू होतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 19 प्रमाणे लग्न जिथे लागलं, शेवटचं एकत्र राहणं जिथे झालं किंवा समोरची व्यक्ती जिथे राहते तिथे अर्ज करता येतो. बायको अर्ज करत असेल तर 2003च्या दुरुस्तीपासून ती स्वतः राहते तिथेही. त्यामुळे नवऱ्याने एक दावा पुण्यात टाकलेला असतो आणि बायकोने पोटगीचा अर्ज बीडमध्ये. चाकण खेड तालुक्यात येतं आणि या तालुक्याचं न्यायालय राजगुरुनगरला आहे. कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीत पत्ता असेल तर पुण्यात शिवाजीनगर, हद्दीबाहेर असेल तर वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश. खोली बदलली, तालुका बदलला की हद्दीचा वाद उकरून काढता येतो, आणि त्या वादात महिने जातात.

सगळ्यात आधी अडते ती नोटीस. हंगामी आणि कंत्राटी कामगाराचा पत्ता टिकत नाही. 11 महिन्यांचा करार संपला की खोली बदलते, कंत्राटदार बदलला की कंपनी बदलते, सिमकार्डही बदलतं. बेलीफ जातो आणि ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा मारून नोटीस परत येते. ज्याला नोटीस घ्यायचीच नाही त्याला एवढं पुरतं. यावर कायद्यात उपाय आहेत. कामाच्या ठिकाणचा पत्ता, गावचा कायमचा पत्ता आणि रजिस्टर पोस्ट असे सगळे मार्ग एकाच वेळी मागता येतात. तो नोटीस टाळतो आहे, हे शपथपत्रावर दाखवलं तर दारावर नोटीस चिकटवून किंवा वर्तमानपत्रात जाहीर करून बजावणीची परवानगी मिळते. 2018मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका क्रेडिट कार्ड कंपनीच्या वसुली प्रकरणात व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस ग्राह्य धरली होती. ती पोचल्याचं आणि उघडल्याचं निळ्या खुणांनी दिसत होतं. कौटुंबिक दाव्यातही नेहमीच्या मार्गांसोबत हा मार्ग मागता येतो.

नोटीस लागली की प्रश्न येतो पगाराचा. रोजंदारीवरच्या किंवा कंत्राटी कामगाराला तारखेचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. चाकणहून शिवाजीनगरला यायचं तर तळेगाव चौकातली आणि मोशी-भोसरीची कोंडी पार करायची. ऑगस्ट 2023पासून मेट्रो पिंपरीहून थेट जिल्हा न्यायालय स्थानकापर्यंत येते, त्यामुळे शहरातल्यांचा वेळ वाचतो. चाकणकरांना अजून तो आधार नाही. इतकं करून पोचावं आणि समोरचा गैरहजर असावा, त्याच्या वकिलाने एका ओळीचा तहकुबीचा अर्ज द्यावा आणि दोन महिन्यांनंतरची तारीख पडावी. पैसेवाल्याला अशी तारीख जड जात नाही. दिवसभराच्या मजुरीवर जगणारी बाई मात्र पाचव्या-सहाव्या तारखेला थकते आणि मिळेल त्या रकमेवर सही करते. लांबवणाऱ्याचा हिशोब नेमका तोच असतो.

एक बारकी पण उपयोगी गोष्ट. भोसरी, पिंपरी, चाकणमधल्या पुष्कळ कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. वकिलाला सांगून न्यायालयाला गुरुवारची तारीख मागता येते. ती मिळेलच असं नाही, पण कारण लेखी दिलं तर न्यायालय अनेकदा ऐकतं.

सात वर्षं चाललेला ‘अंतरिम’ अर्ज

विलंब माणसाचं काय करतो याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. नागपूरच्या एका तरुण आईने बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी 2013मध्ये सासर सोडलं. तिने स्वतःसाठी आणि मुलासाठी अंतरिम पोटगी मागितली. ऑगस्ट 2015मध्ये नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने तिला महिना 15,000 रुपये आणि मुलाला आधी 5,000, पुढे 10,000 रुपये मंजूर केले. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. 2018मध्ये तिथे हरल्यावर सर्वोच्च न्यायालयात गेला. 4 नोव्हेंबर 2020ला निकाल लागला तेव्हा मूल शाळेत जायच्या वयाचं झालं होतं. अंतरिम पोटगीचा अर्ज 7 वर्षं रेंगाळला, हे न्यायालयाने निकालातच नमूद केलं.

‘रजनेश विरुद्ध नेहा’ या नावाने ओळखला जाणारा हा निकाल न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी दिला. पोटगीचं प्रकरण चालवणाऱ्या प्रत्येकाने तो मराठीत समजून घ्यायला हवा. त्याचं सार असं : दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं. समोरच्याने उत्तर आणि शपथपत्र फार तर 4 आठवड्यांत द्यायचं. त्यासाठी न्यायालयाने 2 पेक्षा जास्त संधी देऊ नयेत. त्यापुढेही कोणी जाणूनबुजून वेळ काढत असेल तर त्याचा बचाव रद्द करण्याचा विचार न्यायालय करू शकतं. अंतरिम अर्ज 4 ते 6 महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मंजूर करायची.

या शेवटच्या वाक्याने वेळकाढूपणाचा फायदाच काढून घेतला. पूर्वी दोन वर्षं लांबवली की दोन वर्षांची पोटगी वाचायची. आता ती थकबाकी होऊन डोक्यावर बसते. वसुलीची हत्यारंही धारदार आहेत. जुन्या फौजदारी संहितेचं कलम 125 आता 1 जुलै 2024पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालं आहे. त्याखाली थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते. मात्र वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायला हवा. ही तारीख कितीतरी बायकांची चुकते. पोटगीच्या दिवाणी हुकुमाच्या वसुलीत पगाराचा एक तृतीयांश भागच जप्तीपासून सुरक्षित असतो. ज्याचा पगार कंपनीतून बँकेत जमा होतो, त्याला हे टाळता येत नाही. म्हणूनच तारीख जवळ आली की काही जण राजीनामा देतात, ओव्हरटाइम रोखीने घेतात, शेती भावाच्या नावावर करतात. मागच्या वर्षांच्या बँक खात्यांची आणि पगारपत्रकांची मागणी अर्जासोबतच करून ठेवली तर हा बनाव उघडा पडतो.

लांबवण्याच्या ठरलेल्या वाटा

नोटीस टाळून झाली की दुसरी वाट ‘नांदायला ये’ या अर्जाची. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 खालचा हा अर्ज खऱ्या ओढीने करणारेही आहेत. पण पोटगी टाळण्यासाठी, ‘मी बोलावतो, तीच येत नाही’ असा कागद तयार करण्यासाठी तो किती वापरला जातो हे वकिलांना ठाऊक आहे.

मुंबई इलाख्याला या अर्जाचा इतिहास जुना आहे. दादाजी भिकाजी यांनी 1884मध्ये रखमाबाईंवर असाच दावा लावला. लहानपणी न विचारता लागलेलं लग्न रखमाबाईंनी मानलं नाही. 1885मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला, अपिलात तो पुन्हा उभा राहिला, मार्च 1887मध्ये ‘नांदायला जा नाहीतर 6 महिने कैद’ असा हुकूम झाला. रखमाबाई कैदेला तयार झाल्या. अखेर 1888मध्ये 2,000 रुपयांवर तडजोड झाली. चार वर्षं एका तरुण बाईचं आयुष्य न्यायालयात अडकून पडलं होतं. त्या पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. पण ती चार वर्षं त्यांना परत कोणी दिली नाहीत.

तिसरी वाट दावा दुसऱ्या न्यायालयात हलवण्याच्या अर्जाची. राज्यातल्या राज्यात उच्च न्यायालय आणि दोन राज्यांमध्ये सर्वोच्च न्यायालय हे ठरवतं. लेकुरवाळ्या बाईला परभणीहून पुण्याला खेटे घालायला लावू नयेत म्हणून ही तरतूद आवश्यक आहे. पण स्थगिती मिळाली की मूळ दावा तिथेच थांबतो. म्हणून स्थगितीला विरोध करताना व्हिडिओवरून हजर राहण्याची तयारी दाखवावी. एप्रिल 2017मध्ये पुण्याच्या दिवाणी न्यायालयाने हिंजवडीत नोकरी केलेल्या एका जोडप्याला संमतीने घटस्फोट दिला, तेव्हा पत्नी लंडनहून स्काइपवर हजर होती. परदेशातून जे जमलं ते केज किंवा गंगाखेडहून जमायला हरकत नाही.

चौथी वाट एकतर्फी निकालानंतरची. वर्षभर यायचंच नाही आणि निकाल लागला की ‘मला नोटीसच मिळाली नाही’ म्हणत तो रद्द करून मागायचा. यावर उतारा एकच : बजावणी पक्की करणे. पोस्टाची पावती, बेलीफचा अहवाल, पंचनामा, मेसेज पोचल्याचा पुरावा, सगळं दाव्याच्या कागदांत असू द्यावं. निकालानंतर लगेच दुसरं लग्न करू नये. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावरही अपिलाची मुदत 90 दिवसांची आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने सांगितलं आहे. ती संपण्याआधी बोहल्यावर चढणं म्हणजे नवी भानगड ओढवून घेणं.

पाचवी वाट सगळ्यात दुखरी. संमतीचा अर्ज झालेला असतो, पैसे ठरलेले असतात, आणि दुसऱ्या सहीच्या वेळी एक जण मागे फिरतो. निकालापर्यंत संमती मागे घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991मध्ये ठरवून दिलं आहे. ही मुभा जबरदस्तीने सही घेतलेल्या बाईसाठी गरजेची आहे. पण ती रक्कम वाढवून मागण्यासाठी किंवा कमी करण्यासाठीही वापरली जाते. त्यामुळे तडजोडीची प्रत्येक अट न्यायालयासमोर नोंदवावी. रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी आणि मोठा टप्पा अंतिम निकालाच्या दिवशी ठेवावा.

दोघांनी ठरवलं तर

संमतीच्या अर्जात दोन सह्यांमध्ये 6 महिन्यांचं अंतर असतं. 12 सप्टेंबर 2017च्या अमरदीप सिंह निकालाने हे अंतर माफ करण्याचा अधिकार न्यायालयांना स्पष्ट करून दिला. दीड वर्षाहून अधिक काळ वेगळं राहणं झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न थकलेले असावेत, पोटगी आणि मुलांचा ताबा खरोखर ठरलेला असावा, या त्याच्या मुख्य अटी. क्रिकेटपटू युझवेंद्र चहल आणि धनश्री वर्मा यांनी 5 फेब्रुवारी 2025ला वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला. तिथे सवलत नाकारली गेली, उच्च न्यायालयाने ती दिली आणि 20 मार्चला घटस्फोट झाला. सहा-सात आठवड्यांत. ही सवलत फक्त नामवंतांसाठी नाही. भोसरीतल्या फिटरला आणि त्याच्या बायकोलाही तीच मागता येते.

दुसऱ्या टोकाला 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेलं एक जोडपं होतं. एकत्र जेमतेम 4 वर्षं राहिलेलं आणि 25 वर्षं वेगळं. असा संसार ओढत ठेवणं हीच दोघांवर क्रूरता आहे, असं न्यायालय म्हणालं. त्याच वर्षी 1 मे रोजी घटनापीठाने सांगितलं की, पूर्ण कोलमडलेलं लग्न अनुच्छेद 142 खाली सर्वोच्च न्यायालय विसर्जित करू शकतं. पण हा अधिकार दिल्लीतल्या एकाच न्यायालयाला आहे. शिवाजीनगरच्या किंवा राजगुरुनगरच्या न्यायाधीशाला नाही. विधी आयोगाने 1978 आणि 2009मध्ये हे कारण कायद्यात घालायला सांगितलं होतं. 2013मध्ये राज्यसभेने तसं विधेयक मंजूरही केलं. तीन वर्षं वेगळं राहणं ही त्यात अट होती आणि आर्थिक हलाखी होणार असेल तर पत्नीला विरोध करण्याची मुभाही होती. लोकसभेची मुदत संपली आणि ते व्यपगत झालं. पत्नीचं संरक्षण कायम ठेवून ते पुन्हा आणायला हवं.

टाकलेल्या बायकांच्या हक्कांचा हा आग्रह नवा नाही. याच पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणच्या पुढे संगमनेर लागतं. तिथे 1988मध्ये समता आंदोलनाने अॅड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने परित्यक्तांची परिषद भरवली. टाकलेल्या बायकांनी व्यासपीठावर येऊन आपला प्रश्न मांडला. घर, रेशनकार्ड, पोटगी, मुलांच्या कागदांवर आईचं नाव, या मागण्या त्या चळवळीने लावून धरल्या. न नांदवता, न सोडता ठेवलेली बाई हा खासगी मामला नाही, हे महाराष्ट्राला तिने शिकवलं. औद्योगिक पट्ट्यातल्या कामगार संघटनांनी तो धडा घ्यायला हवा. वेतनकरारावर रात्ररात्र वाटाघाटी करणाऱ्या संघटनेने सभासदाच्या घरच्या पोटगीची थकबाकीही आपली बाब मानावी.

मागावं लागेल, लेखी मागावं लागेल

ज्यांची तारीख चालू आहे त्यांच्यासाठी काही साध्या गोष्टी. दाव्याचा 16 अक्षरांचा सीएनआर क्रमांक घ्या आणि ई-कोर्ट्स अॅपवर स्वतः तारीख पाहा. दर तारखेला काय झालं हे न्यायालयाच्या रोजनाम्यात असतं; त्याच्या नकला काढा. कोणी किती तहकुब्या मागितल्या, हे तिथे शाईने लिहिलेलं सापडतं. चौथी तहकुबी मागितली गेली तर लेखी विरोध करा आणि खर्च मागा. अंतरिम पोटगीचा अर्ज मुख्य दाव्यासोबतच दाखल करा आणि त्यात 60 दिवसांचा उल्लेख करा. वर्षानुवर्षं हलत नसेल तर ठरावीक मुदतीत निकाल देण्याचा आदेश उच्च न्यायालयाकडे मागता येतो.

वकिलाचे पैसे नसतील तर 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 लक्षात ठेवा. स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्याच कलमात औद्योगिक कामगाराचाही स्वतंत्र उल्लेख आहे. कामगारांच्या या वस्तीत किती जणांना हे माहीत आहे? तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि 15100 या क्रमांकावर फोन करता येतो.

न्यायालयांनाही एक विनंती. दहा लाखांवर वस्तीच्या शहरात कौटुंबिक न्यायालय असावं, असं 1984चा कायदा सांगतो. पिंपरी-चिंचवडने ती संख्या केव्हाच ओलांडली आहे. कामगाराच्या हाताशी, त्याच्या पाळीच्या वेळा ओळखणारं न्यायालय इथे हवं. आणि जे अधिकार आज हातात आहेत, ते वापरले जायला हवेत : तहकुबीवर जाणवेल इतका खर्च, न दिलेल्या शपथपत्रावर बचाव रद्द, पगारावर जप्ती.

लग्न दोघांच्या संमतीने होतं. ते टिकवायचं की संपवायचं यावर दोघांचं मत वेगळं असू शकतं आणि त्याचा निवाडा न्यायालय करेल. पण निवाडा कधी व्हायचा, हे एकट्याच्या मर्जीवर सोडता येणार नाही. तुम्ही लांबवणारे असाल तर पुढच्या तारखेला हजर व्हा आणि जे म्हणायचं ते शपथेवर म्हणा. तुम्ही वाट पाहणारे असाल तर नुसती वाट पाहू नका. पुढच्या तारखेला मुदतीचा अर्ज हातात घेऊन जा.